एकट्याच्या घरची गिलकी

माय, या वर्षी आपल्या शेतात गिलकी फार आली. हे सांगायला घरात कोणी नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

तू गेल्यावर मी नोकरीपायी धुळ्यालाच राहिलो आणि शेत बटाईनं दिलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती कपाशी. निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा चाळीसगावहून कृषी खात्याची एक मुलगी यायची. लहान शेतकऱ्यांसाठी सरकारची नवी योजना होती. बांधावर शेवगा, सीताफळ, हादगा लावायचा आणि मधे कपाशीसोबत तूर, उडीद, चवळी, घरापुरता भाजीपाला. ती हे समजावत होती आणि मला तू दिसत होतीस. कपाशी लावणाऱ्या बायांच्या मागून तू चालते आहेस, लुगड्याच्या ओट्यात अंबाडीचं, चवळीचं, काकडीचं बी. मी कॉलेजातून सुट्टीला आलो आहे आणि म्हणतो आहे, यानं कपाशीची जागा जाते. तू वळूनही बघत नाहीस. "बठ्ठी कपाशीच लावशी, ते मंग कपाशीच खाशी का रे?" बाया हसतात.

मी योजनेत नाव दिलं. झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. बी मात्र मी तुझ्या अंदाजानं टाकत आलो, म्हणजे दोन पंगती उठणाऱ्या घराच्या. दुसरा अंदाज मला येतच नाही. तुझी सून गेली, नातू पुण्याला. शेवग्यावर चढलेल्या वेलांना गिलकी लटकतात, चवळी रोज तोडावी लागते, आणि तोडणारा, खाणारा मी एकटा. योजनेतलं सगळं घरच्या माणसांच्या भरवशावर आहे. ती कुठून आणायची, हे त्या मुलीला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. ती वयानं फार लहान आहे.

मग शेजारचा शेतकरी आला. म्हणाला, "भाऊ, एकटा कितला मरशात? वावर माले बटाईवर द्या. झाडे तेवढी काढनी पडतीन, सावली पडस." त्याचं चुकीचं नव्हतं. कंबर धरली होती माझी. उद्या सांगतो म्हणालो, आणि होच म्हणणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून समोरच्या घरी गेलो. दारातच तिथली सून म्हणाली, "भाऊ, आज बी गिलका? आमना पोरे आते गिलका देखीसन पळतस." तरी तिनं पिशवी घेतली. "बठा, च्या ठेवस." मी बसलो. पोरांच्या शाळेचं, तिच्या माहेरच्या लग्नाचं बोलणं निघालं. चहा झाल्यावरही मी बराच वेळ उठलो नाही.

तिथूनच शेजाऱ्याकडे गेलो आणि नाही म्हणून सांगितलं. कृषी खात्याच्या मुलीला आनंद झाला. तिनं कारण विचारलं. मी म्हणालो, जमीन सुधारली आहे, ओल टिकते. तेही खरंच आहे.

हा कागद कोणत्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून दुसरं कारणही लिहितो. हातात भाजी असली की कोणाच्याही दारात उभं राहता येतं. रिकाम्या हातानं गेलं, की लोक विचारतात, काय काम काढलं भाऊ? मला काही काम नसतं, माय.