उजव्या हाताला काशी

मंगळवार, २० मे १९६९

काशीत पोचलो, आणि मजेत आहे. बुलेट पुण्याहून रेल्वेने आली, ओरखडासुद्धा नाही. टेलिफोन खात्यात पुढच्या मंगळवारी रुजू व्हायचंय. त्याआधी सोमवारी सकाळी सुमेधा येते. सातवा महिना आणि एकटीचा प्रवास, म्हणून मी फलाटावर हजर असेन असं तिने माझ्याकडून शपथ घालून कबूल करून घेतलंय.

बिऱ्हाड दूधविनायकला. बोळ इतका चिंचोळा की गाडी नाक्यावरच ठेवावी लागते. घरमालक विश्वेश्वरशास्त्री सात पिढ्यांचे काशीकर, मराठी बोलतात त्यात निम्मी हिंदी. पुतण्या श्रीराम पाठशाळेत मास्तर, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, आणि अव्वल मेंगळट. माझी ट्रंक त्याने न सांगताच तीन जिने वर वाहिली. अशा माणसांना दुसऱ्यांची ओझी उचलण्याखेरीज काही जमत नसावं.

बुधवार, २१ मे

चार दिवस मोकळे आहेत. पंचक्रोशीचा रस्ता शहराला वळसा घालून खेड्यापाड्यांतून, आमराया नि तळ्यांवरून जातो म्हणे. भाविक तो अनवाणी पाच दिवसांत चालतात. मी बुलेटवर रमतगमत, धर्मशाळांत मुक्काम करत रविवारी परत.

शास्त्रीबुवांनी नियम सांगायला घेतले. काशी कायम उजव्या हाताला ठेवायची. मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या रस्त्यावर कुणाला मागे बसवू नका. बीमार असो, बुढा असो. तो रस्ता म्हणजे काशीची हद्द. उजवीकडे मेला तो सुटला, डावीकडे मेला तो अटकला.” पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. माणूस चंद्रावर चाललाय, आणि हे हद्दी मोजताहेत.

गुरुवार, २२ मे. कंदवा

सुंदर रस्ता. दोन्ही बाजूंना कडुनिंब नि महुआ, मळणी आटोपलेली शेतं. लू, म्हणजे इथला तापलेला वारा, चेहरा भाजते, पण गाडी पळती ठेवली की सोसते. कंदव्याच्या कुंडाकाठी यात्रेकरूंचा एक जथा फोड आलेले पाय पाण्यात सोडून बसला होता. मी त्यांच्यासमोरच इंजिन दोनदा गुरगुरवलं. एका म्हातारीने मला आशीर्वाद दिला. कीव आली.

शुक्रवार, २३ मे. भीमचंडी

आज एक गंमत केली. भर दुपारी, निर्मनुष्य रस्ता. डावीकडे महुआखाली स्वच्छ धोतरातला एक म्हातारा हात जोडून उभा. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबापर्यंत सोडा म्हणाला. जेमतेम चाळीस पावलं! चालत का जात नाहीस विचारलं तर म्हणाला, पाय तिकडे जात नाहीत. शास्त्रीबुवांचा चेहरा आठवला आणि मुद्दामच त्याला मागे बसवलं. कधी बसला ते कळलंसुद्धा नाही, गाडी जराही दबली नाही. कडुनिंबाखाली उतरला, मातीला कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. मी गाडी वळवून रस्त्यावर आणली आणि मागे पाहिलं, तर तिथे कुणी नव्हतं.

आता फक्त शास्त्रीबुवांना सांगायचंय.

शनिवार, २४ मे. रामेश्वर

दिवसभर तहान लागली नाही. लूही जाणवत नाही. टाकीत काडी बुडवून पाहिली, पेट्रोल काल होतं तेवढंच.

इथे सीता नावाची बाई चहा विकते. तिने कुल्हड माझ्या हातात दिला नाही, रस्त्याच्या डाव्या कडेला जमिनीवर ठेवला. या लोकांना रीतभात म्हणून नाही. बोलता बोलता तिला म्हाताऱ्याची गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, “ओके भित्तर छोड़ अइला, त अब बहरे तोहके रहे के पड़ी.” त्याला आत सोडलंत, आता त्याच्या जागी बाहेर तुम्ही. कुणी तुम्हाला उचलून आत नेईपर्यंत. आणि नेणाराची गत तुमच्यासारखी.

अडाणी बाई. तरी कंटाळा आलाच आहे. उद्या सकाळी पहिल्याच उजव्या फाट्याने घरी.

रविवार, २५ मे

उजवा फाटा घेतला. पाच मैल सरळ गेलो. समोर तोच महुआ. भीमचंडीचा रस्ता, आणि मी डाव्या कडेला.

दुसरा फाटा. तिसरा. गाडी सोडून शेतातून चालत निघालो, सूर्याकडे बघत, दिशा चुकायला मी काही खुळा नाही. तासाभराने पुढ्यात बुलेट उभी.

यात्रेकरू जवळून गेले. हाका मारल्या. एकानेही मान वळवली नाही. फोड आलेल्या पायांनी लंगडत गेले सगळे — आत.

कडुनिंब चाळीस पावलांवर. रस्त्याच्या मध्यावर पाय थांबतात. माझे. मी हुकूम देतो आणि ते —

सोमवार

आगगाडी आली असेल. सुमेधा फलाटावर — ट्रंकेवर बसली असेल. इथे कुणाची ओळख नाही तिला. पोटात लेकरू, वर हे ऊन.

मला भीती वाटते. लिहून टाकतो. फार भीती वाटते.

मोटारी जातात, बैलगाड्या जातात. हात जोडतो. मी, हात जोडतो!

सोमवार, ऊन उतरताना

सायकलवरून कुणीतरी येतंय. श्रीराम.

त्याला मी दिसतो. दुपारपासून शोधत होता म्हणे. मी काल परतलो नाही म्हणून सुमेधाला त्यानेच स्टेशनवरून घरी आणलं. तिला कळा सुरू झाल्यात, वेळेआधीच, ती एकसारखी माझं नाव घेते आहे. शास्त्रीबुवा याला नको जाऊस म्हणत होते. तरी आला.

सायकल उजवीकडे तोंड करून धरली आहे. म्हणाला, “कॅरियरवर बसा, नीलकंठराव. फक्त एवढं सांगा, तुम्ही कुणाला बसवलं नव्हतं ना?”

इतका मूर्ख. मी सांगेन त्यावर विश्वास ठेवणार.

दोन मुली आहेत त्याला. सुमेधा —

म्हटलं, छे, कुणालाच नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. बसा म्हणतो, उशीर होतोय.

ही वही त्याच्या पिशवीत टाकतो. मागाहून वाचेल, म्हणजे निदान त्याला कळेल की इथून सुटायचं तर —