नव्वद की शहाण्णव

प्रिय ठमे,

फोनवर हे सगळं बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "बाबा कसे आहेत?" विचारतेस, मी "मजेत" म्हणते, तेवढ्यात तुला वॉर्डातून कुणीतरी हाक मारतं आणि आपण दोघी सुटतो. आज मला सुटायचं नाहीये.

आधी चांगलं ते सांगते. बाबा आता दुकानापर्यंत चालत जातात. वाटेत दम खायला थांबतात, पण मी हात पुढे केला की असे डोळे वटारतात की विचारू नकोस. म्हणजे तब्येत सुधारतेय, असं मी धरून चालते. गळ्याला नळीसाठी पाडलेलं भोक भरून आलंय. आवाज मात्र घोगराच राहिला. गिऱ्हाइकं चिडवतात, "मास्तर, निवडणुकीला उभे राहा आता." शिवणयंत्राला तेल घातलं, कात्र्यांना धार लावून आणली. काज-बटणं आणि तुरपाई माझ्याकडे होतीच, हल्ली थोडं आणखीही बघते. तुला वाटतं ते तुझ्यावर रागावलेत, म्हणून फोनवर येत नाहीत. तसं नाही गं. त्याचं सांगते, पण क्रमाने सांगू दे.

तू आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. साध्या तापाचं निमित्त झालं, न्यूमोनिया झाला आणि बघता बघता बाबांची फुफ्फुसं पाण्याने भरली. तू बॅग माझ्या पायाशी टाकून तशीच आयसीयूत शिरलीस. बाबांच्या चेहऱ्याआधी तू पडद्यावरचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहिलास. मला त्याचं वाईट नाही वाटलं. घाबरलेला माणूस आपल्याला जे वाचता येतं तेच आधी वाचतो. आकडा नव्वद होता, मधूनच एकोणनव्वद व्हायचा. तू त्या उंच डॉक्टरबाईंना विचारलंस, "शहाण्णवला का नाही नेत? मशीनमधला ऑक्सिजन वाढवायला अजून जागा आहे." त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, तू त्याहून हळू आवाजात उत्तर दिलंस, आणि मला कळलं की तुमचं भांडण जुंपलंय. घरात तू ओरडतेस तेव्हा मला कधी भीती वाटत नाही.

तू चहाला खाली गेलीस तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बाकावर बसल्या. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "काकू, ऑक्सिजन हेही औषधच आहे. जास्त झालं तर आजारी फुफ्फुसं आणखी दुखावतात. कमी पडलं तर मेंदूची, आतड्यांची उपासमार होते. मधली नेमकी जागा कुठली, ते आम्हाला अजून पक्कं ठाऊक नाही. अभ्यास झालेत, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. तुमची मुलगी बोलते ते चुकीचं नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही नव्वदवर का अडून बसलात?" तर म्हणाल्या, "यांची फुफ्फुसं बघून मला आणखी जोर लावायची भीती वाटते." डॉक्टर असून भीती वाटते म्हणाल्या, आणि माझा तिथेच विश्वास बसला. तुझा कदाचित तिथेच उडाला असता.

मग तू अँब्युलन्स ठरवलीस, तुझ्या हॉस्पिटलात खाट मिळवलीस. "आई, तू फक्त हो म्हण," म्हणालीस. मी एकदा बाबांना बघून येते म्हटलं. आत गेले तर श्वास सुधारावा म्हणून त्यांना पालथं करत होते. एकाने डोकं धरलेलं, एकीने नळी, बाकीच्यांनी खांदे नि कंबर. एवढं करूनही आकडा ऐंशीच्या खाली घसरला. तो परत चढेपर्यंत कुणी धरलेला हात सोडला नाही. खाटेवरच वळवताना ही गत, मग रस्त्यावरच्या खड्ड्यांत काय होईल? मी बाहेर आले आणि म्हटलं, "नाही हलवायचं." तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आई, तू बाबांना हवेवाचून उपाशी मारतेयस." आणि भिंतीकडे तोंड करून रडलीस. मला पुढे होऊन तुला जवळ घ्यायचं होतं. ते राहूनच गेलं.

बाबा वाचले. सगळे म्हणतात मी बरोबर होते. जावईबापूही म्हणाले. मी मान डोलावते. पण ठमे, आता तुझ्यापासून झाकून ठेवलंय ते ऐक. बाबांनी जन्मात कधी कुणाचं माप लिहून ठेवलं नाही. माणूस वर्षांनी दारात आला तरी म्हणायचे, "पोट सुटलंय तुमचं, बाकी सगळं तेच." आता टेप लावतात, आकडा बोलतात, आणि कापायच्या टेबलाशी पोचेपर्यंत तो गेलेला असतो. मध्यंतरी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. आधी स्वतःच हसले. मग भर दुपारी शटर ओढून आत बसून राहिले. मी बाहेरून हाका मारत होते, तर म्हणाले, "थांब जरा, आठवतोय."

मी एकटीच त्या डॉक्टरबाईंकडे गेले. विचारलं, "हे नव्वदमुळे झालं का?" नाही म्हणून मोकळ्या होऊ शकल्या असत्या. म्हणाल्या, "असू शकतं. आजारामुळे, झोपेच्या औषधांमुळेही असू शकतं. शहाण्णव ठेवलं असतं तर कदाचित हे झालं नसतं, आणि कदाचित ते वाचलेच नसते. मला माहीत नाही, काकू." मी जिना उतरून आले. आधी त्यांचा राग आला, मग तुझा, मग माझा. आता कुणाचाच धड येत नाही. बाबा समोर आले की मी नुसती हसते.

आता हे तुला आजच का लिहितेय ते सांगते. जावईबापूंकडून कळलं की तुमच्याकडे याच गोष्टीचा अभ्यास सुरू होतोय. चिठ्ठी टाकल्यासारखे काही पेशंट कमी आकड्यावर, काही जास्त आकड्यावर, आणि बरे होऊन घरी गेल्यावर त्यांच्या स्मरणशक्तीचीसुद्धा तपासणी. ते काम तुला देऊ केलं, तर तू म्हणालीस, "मी कुणाच्या बापाला नव्वदवर ठेवणार नाही." तो टोमणा मला होता, कळलं मला. तुला "बघ, मी म्हणत होते" म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण, मी ऐकून घेईन. पण ते काम घे. तशाच कुठल्यातरी बाकावर उद्या दुसरी बाई बसेल, तिचीही मुलगी शहाणी असेल, डॉक्टरही शहाणी असेल, आणि दोघींनाही माहीत नसेल. मला काहीच धरायला नव्हतं गं. तिला निदान काहीतरी असू दे. पण त्याआधी घरी ये. येण्यापूर्वी एवढंच सांगून ठेवते, म्हणजे दारात दचकणार नाहीस. तुझा फोन ठेवला की बाबा मला विचारतात, "आक्का काय म्हणत होती?" त्यांची थोरली बहीण जाऊन किती वर्षं झाली, तुला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांच्या हाती फोन देत नाही. रोजच असं होत नाही, कधी कधी तुझं नाव बरोबर घेतात. पण त्यांनी तुला आक्का म्हणून हाक मारली, तर तू ओ दे.

तुझी, तुला जवळ घ्यायची राहिलेली,
आई