छोटा टोप

मम्मा, सकाळपासून ओव्हन चालू आहे आणि घरभर तुमच्या रविवारचा वास सुटलाय. लसूण, शिरका, वितळणारी चरबी आणि तो मसाला. तुम्ही मे महिन्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचात तो नव्हे, तो कधीच संपला. हा विकतचा आहे. तुम्ही बघितला असतात तर नाक मुरडून गटारात ओतला असतात. नातीचा फोन आला होता, तिकडून, परदेशातून. म्हणते, आजी, पपांच्या आजीचं ते पोर्क कसं करायचं सांग ना, इथे त्याला पुल्ड पोर्क म्हणतात, दिवसभर मंद भाजतात आणि मग ओढून ओढून धागे काढतात. मी म्हटलं, नाव काहीही ठेवा गं, तुझी पणजी ते मागल्या दारी करवंट्यांच्या निखाऱ्यावर करायची. तर लागली मापं विचारायला, किती ग्रॅम, किती डिग्री. मला कुठली येतात मापं! तुम्ही तरी कधी काय मोजलंत? म्हणून म्हटलं, एकदा करून बघते आणि सांगते. तेव्हा मुलुंडच्या सातव्या मजल्यावर मी एकटी बाई खांद्याचा अख्खा तुकडा घेऊन बसलेय. घरी कार्यक्रम आहे का, असं दुकानवाल्यानं विचारलं, तर मी सरळ हो म्हणून सांगितलं.

तुमचा लेक, माझा नवरा, तिकडे वर तुमच्याकडे आल्यालाही आता बरीच वर्षं झाली, म्हणजे त्याची खबर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त. इथे मात्र ओव्हनशी बोलायची वेळ आलीय माझ्यावर. मधेमधे दार उघडून बघते आणि स्वतःलाच ओरडते, कारण तुम्ही झाकण उघडू द्यायचा नाहीत. पहाटे पहिल्या मिस्सेला जायच्या आधी तुम्ही चूल पेटवायचात. मोठ्या टोपात तो तुकडा, शनिवारपासून शिरक्यात मुरलेला, वर झाकण, झाकणाच्या कडेने कणकेची वळी घट्ट लावलेली, झाकणावर निखारे. मग चर्चमध्ये जाऊन यायचं, कपडे धुवायचे, शेजारणीशी भांडायचं, पण टोपाला हात नाही. माझ्यासारख्या उतावळीला ते बघवायचं नाही. मी विचारायचे, आत जळलं तर कळणार कसं? तुम्ही म्हणायचात, "कळतं गो पोरी, नाकाला कळतं, तू जरा गप ऱ्हा."

मी तुमच्या कांदिवलीच्या घरात आले तेव्हा माझं माहेर मागे बंद झालं होतं. अंधेरीला औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला, तुमचा लेक मशिनवर, माझ्या डब्यातली कोंबडी खाऊन खाऊन तो माझ्या प्रेमात पडला असं तो सगळ्यांना सांगायचा. ख्रिस्ती मुलाशी लग्न म्हटल्यावर घाटकोपरच्या आमच्या घरी मात्र आग भडकली. बाबा तेव्हा गिरणीच्या संपात घरी बसलेले, आधीच डोकं फिरलेलं. त्यांनी गॅलरीत उभं राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं की आमची मुलगी मेली. आई दाराआड उभी होती. बाबांचा राग मला समजला, पण आईचं ते गप्प उभं राहणं मी बरोबर घेऊन आले आणि कितीतरी वर्षं ते उतरलंच नाही.

मग तुमच्या घरातला पहिला रविवार. मोठा टोप मधोमध आला, तुम्ही चाकूच्या टोकाने कणीक फोडलीत, वाफेचा भपकारा आला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "आहा" निघालं. तुम्ही उभ्यानेच बोटांनी ओढायला सुरुवात केलीत, मांसाचे धागे सुटे होऊन तांदळाच्या भाकरीवर पडायला लागले. मी ताट पुढे केलं. तुम्ही माझं ताट हाताने मागे सारलंत, आत गेलात आणि एक छोटा टोप आणून माझ्यापुढे ठेवलात. झाकण लावलेला. म्हणालात, "हे तुझं." आत कोंबडीचा रस्सा होता. मम्मा, तुम्हाला ठाऊक नव्हतं की वेगळं भांडं म्हणजे काय ते मी चांगलं ओळखत होते. आमच्या चाळीत संडास साफ करायला एक बाई यायची. तिच्यासाठी आमच्या कोनाड्यात कान तुटलेला कप होता. माझी आई त्यात वरून चहा ओतायची, आणि ती बाई चहा पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळून पालथा घालून जायची. लहानपणापासून मी ते बघत होते आणि मला त्यात काही वाटत नव्हतं. तुमच्या टेबलावर तो छोटा टोप बघितला आणि मला वाटलं, घ्या, आता मी तो कप झाले.

आणि ते एका रविवारचं नव्हतं. वर्षानुवर्षं, दर रविवारी, सणावाराला, अगदी नाताळलासुद्धा, मोठा टोप सगळ्यांचा आणि छोटा टोप माझा. तुमच्या लेकाला सांगितलं तर तो हसायचा. "अगं, तुझ्यासाठी स्पेशल बनवते यार, ऐश कर ना!" त्याला काय कळणार, कप्पाळ! मी खाली मान घालून जेवायचे. रस्सा चांगला व्हायचा, खोटं कशाला बोलू, अगदी आमच्याकडच्यासारखा. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, आणि शेवटी एक आमसूल. कोंबडीत आमसूल कुणी टाकत नाही, मम्मा, फक्त माझी आई टाकायची आणि त्यावरून सगळी चाळ तिला हसायची. मला वाटलं, माझा डबा खाल्लेल्या तुमच्या लेकानेच तुम्हाला सांगितलं असणार. मी ते आमसूल बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवून द्यायचे. तुम्ही ते बघायचात.

मग आई गेली. मला कळवलंसुद्धा नाही कुणी, दिवस झाल्यानंतर मावसभाऊ कंपनीच्या गेटवर येऊन सांगून गेला. मी घरी आले, तुम्ही मला कुशीत घेतलंत, डोक्यावर तेल घातलंत. आणि त्या रविवारीही छोटा टोप होताच. मला इतका राग आला म्हणून सांगू! म्हटलं, आज तरी या बाईने मला सगळ्यांच्यात जेवू घालायचं होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मला दिवस राहिले. सगळं ओकून टाकायचे, पाणीसुद्धा टिकत नव्हतं, पण डोहाळा लागला तो नेमका मोठ्या टोपाच्या तळाला लागलेल्या खरपुडीचा. पोटातलं पोर तुमच्या घराण्याचं, दुसरं काय! त्या रविवारी मॅच होती, सगळे पुरुष शेजारी टीव्हीपुढे जाऊन बसलेले. मागल्या दारी तुम्ही आणि मी. तुम्ही कणीक फोडली, झाकण काढलं, आणि तुम्ही ताट घ्यायला वळलात तेवढ्यात मी टोपात हात घातला. बोटं भाजली, पण कडेचा करपलेला तुकडा ओढून तोंडात टाकलाच. तुम्ही वळून बघितलंत आणि किंचाळलात. "थुंक! आधी थुंक ते!"

मग माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, का? माझा हात लागला की बाटतं का तुमचं? एवढी वर्षं वेगळ्या भांड्यात जेवतेय, कुत्र्यामांजराला ठेवावं तसं माझ्यापुढे ठेवता, आता पोटातल्या पोरालाही वेगळा टोप करणार का? तुम्ही कपडे धुवायच्या दगडावर बसलात. तुमचे दोन्ही हात चरबीने माखलेले, ते तसेच मांडीवर ठेवलेत. म्हणालात, "तुला असं वाटत होतं? एवढी वर्षं?" आणि मग म्हणालात, "तुझ्या आईला शब्द दिलाय गो मी."

कुठल्या आईला, असं मी वेड्यासारखं विचारलं.

माझ्या लग्नानंतर आठवडाभरातच ती आली होती. मी कामावर असताना. भाजीबाजाराच्या पलीकडे एकटी कधी न गेलेली बाई, घाटकोपरहून दोन बस बदलून, विचारत विचारत तुमच्या गावठाणात आली. याच दगडावर बसली. तुम्हाला म्हणाली, तिच्या बापाला कळलं तर मला घरात घेणार नाही, म्हणून पुन्हा येणार नाही. मी आले होते हे तिलाही सांगू नका, नाहीतर ती धावत येईल, आणि तो तिला दारातून हाकलेल, ते मला बघवणार नाही. फक्त एक करा. तुमच्याकडचं ते मांस तिला घालू नका. तिला ते सोसायचं नाही. पण ती नको म्हणायची नाही हो, नवऱ्यासाठी गपचूप गिळेल. ओळखते मी माझ्या मुलीला. मग तिने पिशवीतून आमसुलांची पुडी काढून तुमच्या हातात दिली आणि मला आवडते तशी कोंबडी कशी करायची ते बसून सांगितलं. तुम्ही दोनदा विचारून घेतलंत, कोंबडीत आमसूल, नक्की ना?

मी तुमच्या अंगावर ओरडले. ती गेल्यावर तरी सांगायचं होतंत! तुम्ही म्हणालात, "ती असती तर तिला विचारून सांगितलं असतं. आता विचारू कुणाला?" मी रडत होते, तुम्हीही रडत होतात, डोळे पुसायला तुमचे हात स्वच्छ नव्हते म्हणून मीच माझ्या पदराने तुमचे पुसले. तिने काही खाल्लं का, असं मी विचारलं. चहा घेतला म्हणालात. आणि निघताना नळावर कप स्वतः विसळला, तुम्ही नको नको म्हणत असताना, आणि दगडावर पालथा घालून गेली. तुम्हाला ती केवढी नीटनेटकी बाई वाटली होती. मी तुम्हाला कोनाड्यातल्या कपाचं कधी सांगितलं नाही.

शेवटी तुम्ही नाक ओढत विचारलंत, "मग आता काय करू? छोटा टोप बंद करू?" मी अजून रागातच होते. तुमच्यावर, आईवर, सगळ्यांवर. म्हटलं, करा बंद. पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःच्या हाताने ओढून पहिला घास माझ्या ताटात घातलात आणि सगळ्यांकडे अशा ऐटीत बघितलंत की काय सांगू. त्यानंतर तुम्ही होतात तोवर एकही रविवार चुकला नाही.

ओव्हन आत्ताच बंद केला, मम्मा. झालंय छान. बोटांनी ओढलं, तुमच्यासारखे लांब धागे सुटले. नातीसाठी मापं लिहून ठेवली. मग सगळं डब्यांत भरून समोरच्या बिऱ्हाडातल्या पोरांना देऊन आले, ती दोघं तिथे पाव घेऊन तुटून पडलीयत, हसण्याचा आवाज इथपर्यंत येतोय. मी दार लावून घेतलं आणि गॅसवर छोटा टोप ठेवला. तोच, तुमचाच, अजून आहे माझ्याकडे. चार तुकडे कोंबडी आणि एक आमसूल. या वेळी आमसूल ताटाच्या कडेला काढलं नाही, चोखून खाल्लं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. डोहाळा तेवढा एका दिवसाचा होता. तुमचं पोर्क मला कधी आवडलंच नाही हो. दर रविवारी मी गपचूप गिळत होते, आई म्हणाली होती अगदी तसं. तुम्ही विचारलंत ना, बंद करू का म्हणून, तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं.