चौथं नाव : सावळी धोंडे

५ जानेवारी

शहापुरात येऊन तीन दिवस झाले आणि मी चक्क खुशीत आहे. रत्नावहिनींच्या घरातली वरची खोली मिळाली. दोन खिडक्या, स्वयंपाकाचा छोटा ओटा, आणि गच्चीत उभं राहिलं की माहुलीचे सुळके. वहिनींनी आल्या आल्या नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली. पाठोपाठ स्वतः आल्या आणि एकटीच का गो, म्हणून विचारून गेल्या. एकटा जीव सदाशिव, म्हटलं. त्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही. उद्यापासून इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला गणित शिकवायचं.

बदली मी मागून घेतली, डोंगरासाठी. मे महिन्यात नेपाळमधली साडेपाच हजार मीटरची खिंड ओलांडायची आहे. दहा वर्षांत हे तीनदा ठरलं. पहिल्यांदा मैत्रिणी एकेक करून गळल्या. दुसऱ्यांदा नवरा गळला, तो कायमचाच. तिसऱ्यांदा गेले, तर सोबत्यांनी मला चौथ्या मुक्कामी हमालाबरोबर मागे ठेवलं, कारण मी हळू चालते. परतल्यावर खिंडीतले फोटो मात्र त्यांनी मला एकूण एक दाखवले. गुडघे अजून एखादं वर्ष साथ देतील असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे हेच वर्ष. यंदा मला मागे राहायचं नाही.

१९ जानेवारी

काठमांडूच्या एजन्सीचा नियम सोपा आहे. चार माणसं जमली तर गट निघेल, नाहीतर नाही. सोबती हवेत, असा निरोप मी चार-पाच ग्रुपांवर टाकला. सव्वीस जणांनी होकाराचे अंगठे टाकले. पासपोर्ट आहे का विचारल्यावर चोवीस गप्प झाले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आपली माणसं त्यावरच जेवतात.

उरले दोघे. आज एसटी स्टँडासमोर वडापाव खात भेटलो. जीवन आसनगावचा, मुंबईत विम्याच्या कचेरीत आहे. ताई, मला फुल्ल फायनल समजा, असं त्याने तीनदा सांगितलं, त्यामुळे थोडी काळजीच वाटली. हर्षाली मुरबाडची, नर्स. एकटी पोर कुठं चालली म्हणून तिच्या घरी कुरकुर आहे. ती म्हणाली, “तुमी हाय ना ताई, मंग नाय कोण काय बोलणार.” कुणाला तरी माझा आधार वाटला हे ऐकून बरं वाटलं. चौथा अजून हवा.

२ फेब्रुवारी

पहिला सराव. जीपने डोळखांबला, तिथून पुढे आजोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी. वाट दाखवायला पाड्यावरची लहानी नावाची बाई होती. साठीची असेल, अनवाणी, आणि आमच्या बुटांकडे बघून हसू आवरत नव्हतं तिला.

निघताना तिने आम्हाला थांबवलं. तिघांनी डोंगर चढायचा नाही, वाट दाखवणारी मोजत नाहीत, म्हणाली. तीन तिगाडा काम बिगाडा हे आमच्याकडेही म्हणतात, पण इथे त्यावर उपाय आहे. नारळाएवढा काळाभोर धोंडा उचलून तिने माझ्या पाठपिशवीत घातला. हा चौथा. मग बजावलं, “उतरलां का जिथला तिथं ठेवा. नि नाव नका दिवू त्याला. नाव दिला तं तो मानूस व्हतो, नि मानसाची जागा मांगतो.” जीवन खोखो हसला. मला मात्र ही युक्ती आवडली. नाहीतरी सरावाला पाठीवर वजन लागतंच.

उतरताना गुडघा दुखू लागला. दोघे पुढे गेले, लहानीही त्यांच्याबरोबर. मी एकटी, अर्धा तास मागे. जीप सुटेल म्हणून जीवन खालून नुसता हॉर्न वाजवायला लावत होता. रागाच्या भरात तशीच जाऊन बसले. घरी पिशवी उघडली तर धोंडा आतच. माझ्यासाठी थांबणारा तेवढा एकच होता म्हणायचा.

९ फेब्रुवारी

एजन्सीचा निरोप : आज चार नावं दिली नाहीत तर मेमधला गट रद्द. आठवडाभर मी कुणाकुणाच्या विनवण्या केल्या ते इथे लिहिणार नाही. संध्याकाळी टेबलावरच्या धोंड्याकडे लक्ष गेलं आणि मी फॉर्म भरला. खरा माणूस मिळाला की नाव बदलून घेऊ.

आडनाव धोंडे. नाव रंगावरून, सावळी. वय, उंची, वजन, रक्तगट काय लिहायचं? माझंच सगळं उतरवलं. फोन म्हणून माझं जुनं, बंद पडलेलं सिमकार्ड. पंधरा मिनिटांत उत्तर आलं की गट पक्का. मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले.

२० फेब्रुवारी

हर्षालीचा फोन. सावळीताईंशी कालच बोलणं झालं म्हणे. फार गोड बाई, आणि आवाज अगदी तुमच्यासारखा. चेष्टा करतेस का, विचारलं. ती गोंधळली. जुनं सिमकार्ड पाहिलं. ज्या डबीत ठेवलं होतं त्याच डबीत आहे.

हे जीवनचं काम असणार. मुंबईला जाणाऱ्यांना रिकामा वेळ फार.

२ मार्च

दुसरा सराव. धोंडा पिशवीत घेतला. जीपवाल्याने मागे वळून मोजलं आणि चार सीट म्हणाला. जीवनने चार चहा सांगितले. चौथा कुणाचा, असं मी विचारल्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काही वावगं बोलले असावे. परत निघालो तेव्हा चारही पेले रिकामे होते.

लहानी या खेपेला डोंगरावर आलीच नाही. पाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. मला बाजूला घेऊन तिने एवढंच विचारलं, नाव दिलंस ना? मी पिशवीचा पट्टा ओढून घेतला. मग म्हणाली, “आजच ठेव बाय तिला जागेवर. आज ठेवशील तं राहील. मंग नाय राहायची ती.”

ती जागा चार पावलांवर होती. तिथे खळगाही तसाच होता. मी पिशवी उघडली, दोन्ही हात आत घातले. आणि विचार आला, ठेवला की आम्ही पुन्हा तीन. पुन्हा तो निरोप, पुन्हा ते अंगठे, पुन्हा पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष माझ्या गुडघ्यांत नाही.

मी पिशवी बंद केली. हे मी समजून-उमजून केलं, कुणाला दोष नाही.

२३ मार्च

धोंडा हलका झालाय. पाच किलोचा होता, वहिनींच्या तागडीत आज दोन भरला. मी खालच्या भाताच्या गिरणीतल्या काट्यावर उभी राहिले. गेल्या महिन्यात अठ्ठावन्न होते. आज एकाहत्तर. पोशाख तोच, कंबर तीच. गिरणीवाल्याने काटा दोनदा झटकून पाहिला.

जिने चढताना पाय उचलावे लागतात. आधी नुसते चालायचे.

६ एप्रिल

सरावाला गेले नाही. जीवनने फोटो पाठवले. खडकावर तिघं. मधली बाई पाठमोरी, अंगात माझं निळं जाकीट. जाकीट इथे खुंटीवर— नाही. खुंटीवर नाही.

हर्षालीने खाली लिहिलंय : सावळीताईंचा वेग बघा, आम्हीच मागे पडतो.

१४ एप्रिल

डोंगरापाशी गेले. रिक्षाचं मागचं टायर बसलं, रिक्षावाला चिडला. लहानीला हाका मारल्या. ती दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. माझा हात हातात घेतला नाही. माझ्या पायाशी तांदूळ ठेवले, जसे ते देवापुढे—

पिशवीत धोंडा नव्हता. पिशवी रिकामीच होती. केव्हापासून, कोण जाणे.

मला माफ कर, म्हणाले तिला. मोठ्याने म्हणाले. ऐकू गेलं नसावं.

२४ एप्रिल

वर्गात हजेरी घेताना आवाज फुटेना. मुलं आपसात बोलत बसली. मग प्राचार्य आले आणि माझ्यासमोर उभे राहून विचारलं की मॅडम आज आल्या नाहीत का.

हाताची बोटं राखाडी. नखांपासून वर. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

२९ एप्रिल

एजन्सीचं पत्र. सावळी धोंडे यांनी आजारपणामुळे नाव मागे घेतलं. गट पक्का झालेला असल्यामुळे तो रद्द होणार नाही. उरलेले तीन प्रवासी : जीवन, हर्षाली, दर्शना.

दर्शना म्हणजे मी. माझं नाव आहे. मी आहे यादीत.

मग खालून हसण्याचा आवाज— वहिनी कुणाशी तरी— दर्शनाताई, गोड खाऊन जा हां, म्हणाल्या. आणि कुणीतरी माझ्या आवाजात हो म्हणालं.

१ मे

उठता येत नाही. कोपऱ्यात, भिंतीला टेकून. वही मांडीवर. मांडी कुठली— काळी, गुळगुळीत. पेन अजून धरता येतं, तेवढंच.

ती दुपारी आली. कपाट उघडलं. माझा पासपोर्ट, बूट, गोळ्या, सगळं भरलं. चेहरा माझाच, फक्त बरा. झोप झालेला. माझ्याकडे एकदाही— मीही त्या धोंड्याकडे कुठे कधी—

२ मे, सकाळ

गाडी खाली आली आहे. तिघं खोलीत. जीवन बॅगा मोजतो. मी ओरडते आहे, निदान मला तसं वाटतं.

हर्षाली थबकली. म्हणाली, ताई, आपण तिघंच झालो ना. तिघांनी जाऊ नये. इथं कोपऱ्यात धोंडा हाय, ह्योच घेऊया.

देवा. घ्या. हो, घ्या मला.

जीवन वाकला. त्याचे हात माझ्या कमरेभोवती. उचललं— वीतभर उचललं— पुन्हा टेकवलं. लय जड हाय, म्हणाला. बॅगेच्या वजनात नाय बसणार.

तिने पाहिलं माझ्याकडे. पहिल्यांदाच. म्हणाली राहू दे, वहिनींना दाराला लावायला होईल. धोंडे काय, तिथं पायलीचे पन्नास. तिथला घेऊ एखादा हलका.

गाडीचा हॉर्न

जिन्यात पावलं. तीन

थांबा, मला ठेवू नका, मी हलकी होईन, मी भरभर चाल