पांढऱ्या पायांची बाई आणि न उडणारी बंदूक

मी, नेद्याल्का स्तोइमेनोवा, वय वर्षे शहात्तर, राहणार सुहा ल्याका, जिल्हा स्मोल्यान, आज नोटरी अनेलियाबाईंच्या कचेरीचा जिना स्वतःच्या पायांनी चढून आले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहून ठेवावे म्हणून कोणी माझ्या मानेवर बसलेले नाही. आमच्या गावात ठिकाणावर असलेल्या डोक्यांची टंचाई असल्याने हे आधी नोंदवणे भाग आहे. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी.

कलम पहिले. घर, गोठा, मेंढ्या आणि आक्रोडाची झाडे माझ्या बहिणीची मुलगी येलित्सा हिला द्यावीत. नवऱ्याकडच्या नातेवाइकांना काही देऊ नये. ते का, हे त्यांना विचारावे. त्यांना ठाऊक आहे.

कलम दुसरे. बँकेतील रकमेतून माझी उत्तरक्रिया आणि चाळिसाव्या दिवसाचे जेवण करावे. जेवणाला गावच्या शिकारी मंडळाला बोलावू नये. न बोलावता येतीलच, तेव्हा उकडलेल्या गव्हाची एकेक मूठ हातावर ठेवावी. राकिया, म्हणजे आमची घरची दारू, देऊ नये.

कलम तिसरे. माझा दिवंगत नवरा कोस्तादिन याची चेक बनावटीची, मागचा बोल्ट ओढून काडतूस भरायची रायफल. हीसुद्धा येलित्साला द्यावी. तिच्याकडे शिकारीचा परवाना आहे. ही बंदूक हातात घेण्यापूर्वी तिने पुढील हकिकत वाचावी, म्हणून ती इथे घालत आहे. अनेलियाबाई म्हणतात, "आजी, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत." मी म्हटले, "फी भरलीय ना? मग लिहा."

ही बंदूक कधी उडे, कधी उडत नसे. चाप ओढला की नुसताच आवाज. चार रविवार ठीक, पाचव्याला रानडुक्कर समोर आणि बंदूक मुकी. कोस्तादिनने काडतुसे बदलली, फरक नाही. प्लोव्दिवच्या कारागिराकडे नेली. त्याने उबदार तळघरात झाडून पाहिली, दर वेळी उडाली. बोल्ट उघडून बघण्याचे कष्ट न घेता पैसे मात्र घेतले आणि म्हणाला, "बंदूक चांगली आहे. दुसरीकडे शोधा."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते वल्कोने शोधले. वल्को हा शिकारी मंडळाचा प्रमुख. मिशा मोठ्या, आतला ऐवज बेताचा. भर खानावळीत त्याने विचारले, "कोस्तादिन, सकाळी निघताना दारात कोण असतं रे?"

"नेद्याल्का. पाण्याला जाते."

"बादली रिकामी?"

"जाताना रिकामीच असणार!"

"मग झालं तर! अरे, बायकोच पांढऱ्या पायाची, त्यात बंदुकीचा काय दोष?"

सगळे हसले. माझा नवराही हसला. त्या दिवसापासून शिकारीच्या सकाळी मला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावत. शेजारणी मला बघून वाट बदलू लागल्या. एकीने तर माझ्या हातचे दही परत पाठवले.

मी कोंडलेली असतानाच त्या जानेवारीत डुक्कर कोस्तादिनच्या अंगावर आले. बंदूक उडाली नाही. सुळ्याने मांडी फाडली. शेजारी दबा धरून उभे असलेले वल्कोसाहेब तोवर झाडावर होते. नवरा इस्पितळात, आणि गावात बोलणे असे की, मी खिडकीतून पाहिले असणार.

मी त्याचे रक्ताळलेले जाकीट धुवायला काढले. खिशात न उडालेली काडतुसे सापडली. काडतुसाच्या बुडातल्या टिकलीवर बोल्टमधली सुई आदळली की खोल खळगा पडायला हवा. इथे नखाने दाबावे तशी खूण होती. म्हणजे सुई पोचत होती, पण मेलेल्या माणसासारखी.

मग मी बंदूक रिकामी करून स्वयंपाकघरात चाप ओढून पाहिला. खणखणीत आवाज. रात्रभर ती थंड कोठीत ठेवली आणि सकाळी पुन्हा ओढला. भिजल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. बोल्ट उघडला, तर आत सुईभोवती आणि स्प्रिंगमध्ये ग्रीस ठासून भरलेले, गोठलेल्या चरबीसारखे. ट्रॅक्टरचे ग्रीस. "बंदुकीला उपाशी ठेवू नकोस," असे म्हणत वल्कोने तो डबा माझ्या नवऱ्याला भेट दिला होता. ऊब असली की ग्रीस मऊ, बंदूक शहाणी. बर्फ पडले की ग्रीस घट्ट, सुई लंगडी. मी सगळे पेट्रोलने धुतले, पुसून कोरडे केले, पुन्हा कोठीत ठेवले. सकाळी आवाज खणखणीत.

कोस्तादिन काठी टेकत घरी आला. बंदूक रात्रभर कोठीत ठेवून त्याला मी दोन्ही आवाज ऐकवले, एका सकाळी ग्रीस भरून आणि दुसऱ्या सकाळी धुऊन. त्याने बोल्ट हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाला, "तुझं खरं आहे."

"मग हेच उद्या मंडळात सांग."

बंदूक रात्रभर मंडळाच्या ओसरीवर बर्फात ठेवली. सकाळी सगळ्यांसमोर कोस्तादिनने काडतुसामागून काडतूस झाडले. एकही वाया गेले नाही. मी कुंपणाबाहेर उभी होते. वल्कोने मिशीवर हात फिरवला.

"बघितलंत? वहिनी कुंपणाबाहेर आहे, म्हणून उडाली!"

मी ओरडले, "मग तुझं ग्रीस भर, मी मैलभर लांब जाते, आणि उडवून दाखव!"

"बायकांशी वाद घालायला वेळ नाही," असे म्हणून त्याने बाटली उघडली. मी नवऱ्याकडे पाहिले. त्याला एकच वाक्य बोलायचे होते. त्याने पेला पुढे केला.

घरी येऊन म्हणतो, "अगं, वल्कोसमोर कसं बोलणार?" डुकरापुढे उभा राहणारा माणूस! पुढे ती बंदूक कधी चुकली नाही, आणि माझा अपशकुन आपण उतरवला म्हणून वल्कोने वर्षानुवर्षे फुकटची राकिया ढोसली.

येलित्सा, बोल्टमध्ये कडाक्याच्या थंडीत तेलाचा थेंबही पुष्कळ होतो. कोरडा ठेव. काडतूस उडाले नाही तर आधी त्याच्या बुडाकडे बघ, माणसांच्या तोंडाकडे नको.

ग्रीसचा डबा वल्कोला परत करावा. तो अर्धा भरलेला आहे.

कलम चौथे. रानाच्या कडेचे बटाट्याचे शेत येलित्साचे. त्यातून शिकारी मंडळाने जाऊ नये. नदीकडून वळसा घालावा. म्हातारे झाले आहेत, चालणे तब्येतीला बरे.

कलम पाचवे. अनेलियाबाईंनी विचारले, "आजी, दफन कुठे? माहेरच्या गावी लिहू का?" मी विचार केला. एकोणीस वर्षे झाली, कोस्तादिन सुहा ल्याकाच्या दफनभूमीत एकटा पडून आहे, आणि जिवंतपणी मला दर वेळी म्हणायचा, "पुरे आता, नंतर बोलू."

मला कोस्तादिनच्या शेजारीच पुरावे. मी त्याला माफ केले, असा याचा अर्थ कोणी काढू नये. माझे बोलणे अर्धे राहिले आहे आणि आता त्याला उठून जाता येणार नाही.

वरील मजकूर नोटरींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले त्यातला एकही शब्द गाळलेला नाही, गाळायला सुचवलेले मात्र बरेच होते. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे.

सही: नेद्याल्का स्तोइमेनोवा

साक्षीदार:
१. मित्र्यो करादाकोव, पाववाला, स्मोल्यान
२. स्नेझाना बेलेवा, जनावरांच्या डॉक्टर, स्मोल्यान

स्थळ: स्मोल्यान
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१२