‘अनावश्यक’ या शब्दाबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त प्राचार्या, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी माझी स्मरणशक्ती तपासली आहे. तपासताना मीच त्यांना दोनदा दुरुस्त केलं.

१. राहतं घर भाचीला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती शिव्या न देता उघडावी.

२. पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला, पण कुलपात ठेवू नयेत. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या नोंदी खोडू नयेत. निम्म्या चुकीच्या आहेत, मुलांना वाद घालायला बऱ्या पडतील.

३. आरामखुर्ची रसायनशास्त्राच्या सरांना. “तत्त्वज्ञान शिकून तुमची मुलं करतात तरी काय हो?” असं त्यांनी मला वीस वर्षं विचारलं. आता निवांत बसून विचार करावा. माझा त्यांच्यावर राग नाही. होता, भरपूर होता.

४. हे कलम आमच्या कार्यालयातल्या टंकलेखकांविषयी. त्यांना सगळे भाऊ म्हणतात.

संस्थेने तत्त्वज्ञान, इतिहास आणि भाषा विभाग बंद करायचं ठरवलं. ‘सदर विभाग अनावश्यक असल्याने त्यानुसार कार्यवाही व्हावी’ असा ठराव होता. टाइप होऊन आला तेव्हा ‘अनावश्यक’चं ‘आवश्यक’ झालं होतं. मला ते दिसलं आणि मी मुकाट्याने सही केली. बाकीच्यांनी न वाचताच केली. ठराव विद्यापीठात पोचल्यावर ‘आम्ही वाचला नव्हता’ हे कबूल करायला कुणी तयार होईना. विभाग वाचले.

अध्यक्ष भाऊंवर कडाडले, “एक शब्द धड टाइप करता येत नाही तुम्हाला?”

“नजरचूक झाली, साहेब,” भाऊ म्हणाले.

सेवापुस्तकात ठपका बसला, हेडक्लार्कची जागा हुकली. मी शेजारी बसून पेपरवेट फिरवत होते. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि त्या दिवशी माझीच दातखीळ बसली. तेव्हा बोलले असते तर विभाग गेले असते, हे खरं. पण निवृत्तीनंतर बोलता आलं असतं. तेव्हा लाज वाटली.

भाऊ, चूक माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेली. मला माफ करा. ठपका रद्द व्हावा म्हणून संस्थेला लिहिलेलं पत्र सोबत जोडलं आहे, ते माझ्यामागे पाठवावं. हा मसुदा तुम्हीच टाइप करावा असा हट्ट धरला तो यासाठीच. समोर बसून सांगायचं धाडस अजूनही होत नाही.

५. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर अध्यक्ष नेमू नये.

ठिकाण: माझी पुढची खोली.
दिनांक: कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवार.
सही: निवृत्त प्राचार्या
साक्षीदार: (१) शेजारच्या डॉक्टरीणबाई (२) कॉलेजचे ग्रंथपाल

टंकलेखकाची टीप: मसुद्याबरहुकूम टाइप केले, एकही शब्द बदललेला नाही. परंतु बाई, कलम चारमधली ती चूक नव्हती. माझी मुलगी तेव्हा इतिहासाच्या वर्गात होती. पहिला कागद बरोबर टाइप झाला होता, तो मी फाडला. पत्र पाठवू नये. ठपका माझा आहे, राहू द्यावा.