नळ कोण सोडतं?

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत. बाबांच्या घरात राहायला आल्यापासून तुझी वहिनी मात्र बिथरली आहे. म्हणते, मामंजी अजून घरात आहेत. पहाटे बाथरूममधला नळ सुटतो, बराच वेळ वाहतो, मग कुणीतरी खाकरतं, अगदी त्यांच्यासारखं. नळदुरुस्तीत माझी हयात गेली, तरी हिच्या समाधानासाठी मी वायसर बदलला, तोटीही नवी बसवली. लोकांची गळती थांबवणाऱ्याच्याच घरात भूत पाणी सोडतंय, म्हणून दादा खो खो हसला.

फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो. ते भूत मीच आहे. पहाटे उठावं लागतं. उभं राहिलं तरी लघवी सुरू होत नाही, झाली तर धार बारीक. हिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडतो. परवा वाट बघता बघता कपाळ भिंतीला टेकलं आणि अंगावर काटा आला. बाबा टेकायचे तिथला रंग अजून तुकतुकीत आहे, बरोबर माझ्या उंचीवर. नळ सोडायची सवयही त्यांचीच, हे तेव्हा लक्षात आलं. दादा म्हणतो, वयाचं आहे. बाबाही हेच म्हणायचे. मला आता त्या भिंतीपाशी जायची भीती वाटते, ताई.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
बारक्या


दि. ११ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून तडक आत्याकडे गेले. बाबा कशाने गेले, असं सरळ विचारलं. आपण आजवर सगळ्यांना सांगत आलो, कंबरेने. आत्या रडायलाच लागली. म्हणाली, कंबर हे तुमच्या आईने दिलेलं नाव. दुखणं प्रोस्टेटचं होतं, कॅन्सर. तो हाडांत उतरला तेव्हा कंबर धरली. आईला त्या जागेचं नाव चारचौघांत घेववेना. कंबर कंबर म्हणता आपण तिघांनीही तेच खरं मानलं. माझा तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नळ वाहत होता, आणि आपण बाहेर पाण्याच्या नासाडीवरून चिडत होतो.

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, वयाबरोबर ही प्रोस्टेटची ग्रंथी बहुतेक पुरुषांची वाढते, आणि धार बारीक होण्यामागे बऱ्याचदा ती साधी वाढच असते. कॅन्सर मात्र सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. म्हणून ज्यांच्या वडिलांना तो होता त्यांनी लवकर डॉक्टर गाठावा. पीएसए नावाची रक्ताची तपासणी असते. तिचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही, हेही त्यांनी बजावलं. तेव्हा दडी मारून बसू नकोस. बाबांचं आवर्जून सांग. आणि वहिनीला खरं काय ते सांगून टाक, बिचारी सासऱ्यांच्या नावाने थरथर कापतेय.

तू जाऊन आल्याचं कळेपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.

तुझी
ताई


दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. घरात कुणाला हे होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं की नाही, वडील कंबरेने गेले. इतक्या वर्षांची सवय! जिन्यात आलो आणि पाय उचलेना. मागून कुणीतरी सदरा धरल्यासारखं वाटलं. बाबाच होते म्हण. परत वर गेलो आणि भरल्या खोलीत आईने कधी न घेतलेलं नाव घेतलं. कुणाचं आकाश कोसळलं नाही.

डॉक्टरांनी बोटाने तपासलं. लाज वाटली, पण निमिषभराचं काम. रक्तातला आकडा वाढलेला निघाला, म्हणून स्कॅन झालं, मग सुईने तुकडे काढले. निकालाची वाट बघतोय आणि काळीज ठिकाणावर नाही. हिला सगळं सांगितलं. नळ मी सोडतो हे मात्र तिला पटत नाही. म्हणते, तुमचं खाकरणं मी ओळखते.

आमची आठवण ठेव, मला तुझ्या मायेचा आधार वाटतो.

तुझा
बारक्या


दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातल्या खाटेवरून लिहितोय. ऑपरेशन पार पडलं. कॅन्सरच होता, पण ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. जन्मभर लोकांकडे नळ्या बसवल्या, आता मलाच एक बसवली आहे. काम वाईट नाही केलेलं. ऐकून जीव भांड्यात पडला असेल तुझा, माझाही पडला होता.

आज सकाळी ही आली ती पांढरीफटक होऊन. म्हणाली, बघा, मी खोटं बोलत नव्हते. तुम्ही इथे, आणि पहाटे घरी नळ सुटला. कितीतरी वेळ वाहिला, मग मामंजी खाकरले. तिने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं आणि उजाडेपर्यंत हलली नाही.

घाबरलेल्या जिवाला एवढं सुचलं नाही की सोबतीला म्हणून दादा कालपासून बाहेरच्या खोलीत झोपतोय. मी तिला काही बोललो नाही. दादाचं खाकरणंही हुबेहूब बाबांसारखं आहे, हे आपल्यालाच ठाऊक.

माझं तो ऐकायचा नाही, वयाचं आहे म्हणेल. तू मिळेल त्या गाडीने ये, ताई.

तुझा
बारक्या